बॅटरी कोणी धरली होती

भाचीने वही आणली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुडाळ स्टेशनवर कोकणकन्येतून उतरली, तेव्हा पाठीवर सॅक, पायात पांढरेशुभ्र बूट (चौथ्या दिवशी ते शेणाच्या रंगाचे झाले आणि तसेच राहिले) आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ही वही. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. तारीख, ठिकाण, जनावर, काय पाहिलं, कोणाच्या देखरेखीखाली. शेवटचा रकाना तासांचा.

"हजेरीपट आणलास की काय गं?" मी विचारलं.

"आत्या, अर्जात तास लिहावे लागतात."

माझा भाऊ तीस वर्षं अमेरिकेत आहे. ही त्याची धाकटी. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र क्रियापद शोधायला जरा थांबते. जीवशास्त्राची पदवी संपत आलेली आणि डोक्यात एकच, जनावरांची डॉक्टर व्हायचं. घरात जनावरांची डॉक्टर म्हणजे मी. म्हणून सुट्टीचे सात आठवडे माझ्याकडे, सिंधुदुर्गात, ते पण ऐन पावसाळ्यात. तिची आई फोनवर तीनदा म्हणाली, "वन्सं, तिला सगळं दाखवा हं." सगळं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पहिल्याच रात्री जेवणं आटोपल्यावर तिने मला तिकडची पद्धत समजावली. आधी कॉलेजची पदवी, नाहीतर निदान ठरावीक विषय तरी पूर्ण केलेले, मग चार वर्षांचं डी.व्ही.एम., म्हणजे तिकडची पशुवैद्यकाची पदवी. बहुतेक कॉलेजांचे अर्ज व्हीएमकॅस नावाच्या एकाच ऑनलाइन खिडकीतून जातात आणि ती खिडकी सप्टेंबरच्या मध्याला बंद होते. मार्क तर बघतातच. पण मार्कांच्या शेजारी अनुभवाचे वेगवेगळे खण असतात. गोठ्यात शेण काढलंत, बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यात पिंजरे धुतलेत, तर तो प्राण्यांचा अनुभव. डॉक्टरच्या शेजारी, त्याच्या देखरेखीखाली राहिलात, तर तो पशुवैद्यकीय अनुभव. काही कॉलेजं किमान इतके तास हवेतच असंही सांगतात. प्रत्येक नोंदीपुढे देखरेख करणाऱ्याचं नाव आणि संपर्क. शिवाय शिफारसपत्रं, त्यातलं एखादं तरी पशुवैद्याचं. आणि स्वतःबद्दलचा निबंध.

"म्हणजे घरच्या गोठ्यात वीस वर्षं दूध काढलं तरी ते पहिल्याच खणात?" मी विचारलं.

"हो."

मला गंमत वाटली आणि थोडं पटलंही. जनावरावर माया असणं वेगळं आणि जनावर आजारी पडल्यावर आमचं काम कसं चालतं हे बघितलेलं असणं वेगळं, हा फरक निदान कोणाच्या तरी कागदावर आहे.

शिफारसपत्राचा प्रश्न मात्र होता. नातेवाइकाच्या पत्राला किंमत नाही, आणि नसावीच. म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी तिला तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरवलं. माझ्या हाताखालचे, कमी बोलणारे, चांगले गृहस्थ आहेत. त्यांना म्हटलं, पत्र लिहायची वेळ आली तर जे दिसेल तेच लिहा, माझं तोंड बघू नका.

आपल्याकडचा हिशेब सोपा आहे. 'नीट' नावाची देशभराची एकच प्रवेश परीक्षा. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले 360 जीवशास्त्राचे, उत्तर चुकलं की एक गुण वजा. महाराष्ट्रातली सरकारी पशुवैद्यक कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर अशी. प्रवेश नीटच्या गुणांवर. 15 टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, बाकीच्या राज्याच्या यादीतून. मग साडेपाच वर्षं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तुम्ही गाय जवळून बघितली आहे का, असं या सगळ्यात तुम्हाला कोणीही विचारत नाही.

बरं, जीवशास्त्रात तरी गाय आहे का? झुरळ आहे. बेडूक आहे. माणूस तर नखशिखांत आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचं चार कप्प्यांचं पोट, ज्याच्यावर आमचं निम्मं आयुष्य जातं, ते बी.व्ही.एस्सी.च्या, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला भेटतं. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात पशुसंवर्धनाचा थोडा भाग होता. मुलांच्या डोक्यावरचं ओझं हलकं करताना तोही उतरवला.

त्यामुळे 'अर्ज भक्कम करा' असं इथे कोणाला सांगायचं तर त्याचा खरा अर्थ एकच, कागद गोळा करा. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर एक असेल तर ते मे महिन्यातच सरळ करून घ्या. चेष्टा नाही करत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं नाव यादीत लागलं होतं आणि वैधतेची फाइल एका कार्यालयाच्या कपाटात झोपलेली होती. त्याने पहिली फेरी सोडली, दुसरीत जागा नव्हती. आता तो गोव्यात हॉटेलात रिसेप्शनला असतो. गावाला आला की अजून माझ्या दवाखान्यात येऊन बसतो, काही बोलत नाही, सिरिंजच्या पेट्या वगैरे सरळ लावून ठेवतो आणि जातो.

मी तरी कुठे वाजतगाजत आले होते? 1990 साली प्रवेश बारावीच्या मार्कांवर होते. मेडिकलला दोन टक्के कमी पडले म्हणून परळ. मुंबईचं हे कॉलेज 1886 सालचं. आमच्या वेळी ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली होतं. म्हणून माझ्या पदवीवर नाव दापोलीचं आणि शिक्षण सगळं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात. कोकणातली असून मी तोवर एकाही गाईला हात लावलेला नव्हता. आमच्या घरी माड, पोफळी आणि तीन कलमं, दूध गवळ्याचं. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची हीच गत होती. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांना 'तू कुठे अडकलास' असंच विचारायचो.

शिकवलं कोणी म्हणाल तर पहिल्या पोस्टिंगमधल्या व्रणोपचारकाने. हे पद म्हणजे दवाखान्यात मलमपट्टी करणारा, जनावर धरणारा, खोड्यात घालणारा, आणि नव्या डॉक्टरची अब्रू सांभाळणारा माणूस. मी पहिल्याच दिवशी बैलाच्या मागून गेले. त्याने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं आणि लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "म्याडम, मागसून जाव नकात. कडेन रवा, आधी बोला तेच्याशी." बैलाशी काय बोलायचं ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्यानेच बोलून दाखवलं. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण बैल ऐकायचा.

भाचीला मी पहिला आठवडा काहीच करू दिलं नाही. रेबीजचे डोस ती तिकडूनच घेऊन आली होती, ते बरं झालं. नाहीतर तिला कुत्र्याच्या आसपासही फिरकू दिलं नसतं. गमबूट घेतले. पावसात मळ्यातून हिंडायचं म्हणून लेप्टोच्या तापावरच्या गोळ्यांचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. रोज संध्याकाळी अंगावर गोचीड बघायची सवय लावली. आमच्या जिल्ह्याला 2016 पासून दोडामार्गाकडच्या माकडतापाने हे शिकवलं आहे. आणि मग नुसतं उभं केलं. गोठ्याच्या दारात दहा मिनिटं उभी राहा आणि मला सांग काय दिसलं.

पहिल्या दिवशी तिला दिसलं, "काऊ."

आठव्या दिवशी तिला दिसलं की तीन गाईंपैकी कडेची रवंथ करत नाही, तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आहे आणि शेण पातळ आहे. मी तिला मळ्याकडे नेऊन चिखलातल्या गोगलगायी दाखवल्या. या गोगलगायींच्या पोटात वाढून चपटे कृमी गवतावर येतात, गवतातून गाईच्या यकृतात जातात. ती खाली बसून बराच वेळ त्या गोगलगायींकडे बघत राहिली. वहीत तिने त्या दिवशी तास किती लिहिले ते मला माहीत नाही, पण शेजारी गोगलगायीचं चित्र काढलं होतं.

आणि याच दिवसांत वरच्या वाडीतली ती मुलगी आमच्याबरोबर यायला लागली.

तिच्या बापाकडे तीसेक बकऱ्या, बहुतेक कोकण कन्याळ. नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, लांबून बघितलं तर कोणी तोंडावर चुन्याची बोटं ओढली आहेत असं वाटतं. सिंधुदुर्गाची ही स्वतःची जात, कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंद झालेली. मुलगी त्यांच्यातच वाढलेली. बकरीची पापणी उलटून आतला रंग बघते आणि जंताचं औषध कधी द्यायचं ते सांगते. लालसर आहे तोवर थांबायचं, पांढरट दिसली की द्यायचंच. ते तिला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "तुमीच एकदा बाबांका सांगलास. मी थंयच होतंय." तेव्हा ती असेल नऊ-दहा वर्षांची.

बारावी सायन्स झाली, एकदा नीट दिली, मार्क कमी पडले. दुसऱ्यांदा द्यायची तयारी चालू होती. क्लास तालुक्यात धड नाही. कोल्हापूरला राहायचं तर खर्च झेपत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे तर वाडीत रेंज फक्त फणसाच्या झाडाखाली, आणि पावसात तिथे बसायचं कसं. "माका बायॉलॉजी येता," ती म्हणायची, "फिजिक्स जमना नाय." बाप म्हणायचा पदविका कर, पशुधन पर्यवेक्षक हो, लवकर पायावर उभी राहशील. वाईट सल्ला नव्हता. पण तिचं मन त्यावर नव्हतं आणि मीही तिला तो मनापासून देऊ शकले नाही.

एकदा जीपमध्ये तिने भाचीची वही मागून घेतली. पानं उलटली. इंग्रजी वाचायला तिला अडचण नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "ह्यात रातचे तास खंय लिवलंस?"

भाची म्हणाली, रात्री कुठे आपण काही करतो?

"बकरी रातचीच विते," ती म्हणाली आणि वही परत दिली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याच बापाचा फोन आला. साडेअकरा झाले असतील. दुपारपासून पाऊस थांबलेला नव्हता, वीज संध्याकाळीच गेली होती. "डॉक्टरबाय, बकरी अडली हा. तोंड भायर इला, पाय एकच." मी भाचीला उठवलं नाही, ती आधीच उठून गमबूट घालत होती.

गोठा म्हणजे घराची मागची पडवी, खाली सुकं गवत, वर पत्रा. पत्र्यावर पाऊस इतका की ओरडून बोलावं लागत होतं. बकरी पहिलटकरीण, अंगाने लहान. करडाचं तोंड आणि उजवा पाय बाहेर, जीभ सुजून जांभळी. डावा पाय आत गुडघ्यात मुडपून राहिलेला. असं असलं की बाहेरून कितीही ओढा, करडू खांद्याशी अडतं. आधी डोकं आत ढकलायचं, जागा करायची, मग मुडपलेल्या पायाचा खूर तळहातात घ्यायचा, म्हणजे गर्भाशयाला ओरखडा जात नाही, आणि तो कमानीत पुढे आणायचा. हे सगळं दोन कळांच्या मधे. कळ आली की हात जागच्या जागी थांबवायचा, नाहीतर हातही चेपतो आणि पिशवीही फाटते.

माझा हात माझ्या वडिलांच्या वळणावर गेलेला, रुंद. गाईला उत्तम. इथे मी बोटांपलीकडे जाऊ शकले नाही. दोनदा प्रयत्न केला, बकरी कण्हली, मी हात काढून घेतला.

वाडीतली मुलगी बकरीच्या डोक्याशी बसली होती. मी तिचा हात बघितला. मग भाचीचा बघितला. तोही बारीकच होता. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते पाहणं पाहिलं. एक क्षणही लागला नसेल. मी भाचीच्या हातात बॅटरी दिली आणि दुसरीला म्हटलं, "बांगड्या काढ. नखं दाखव."

तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतला, मी हातमोजा चढवला, वरून लिक्विड पॅराफिन ओतलं. ती जमिनीवर एका कुशीवर आडवी झाली, गाल गवताला टेकलेला, डोळे मिटलेले. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते. डोकं मागे. हळू. कळ आली, थांब. थांब. गेली, आता खाली जा, छातीच्या खाली. तिचा खांदा तेवढा हलताना दिसत होता. बॅटरीचा उजेड भिंतीवर, पत्र्यावर, पुन्हा बकरीच्या मांडीवर, असा हिंडत होता. मी एकदा ओरडले, "नीट धर!"

"पाय गावलो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मुडापलेलो हा."

"खूर मुठीत घे."

बराच वेळ काही झालं नाही. नंतर तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला आणि दुसरा खूर बाहेर दिसला, पिवळट, मऊ. पुढच्या कळेला मी दोन्ही पाय धरून खालच्या अंगाने ओढलं आणि करडू गवतावर आलं. नाकातला चिकटा काढला, गोणपाटाने चोळलं. पहिला श्वास घ्यायला त्याने आम्हाला चांगलंच ताटकळत ठेवलं. मग शिंकलं. बापाने पत्र्याकडे बघून हात जोडले.

आत अजून एक होतं. तिनेच तपासून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज बदलला. दुसरं सरळ आलं, सहज आलं आणि मेलेलं होतं.

पुढचं नेहमीचं. पहिल्याची नाळ आयोडीनमध्ये बुडवली, चीक पाजला, बकरीला इंजेक्शनं दिली. मेलेलं करडू कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुरायला सांगितलं. तिच्या आईने चुलीवर कोरा चहा ठेवला. परत येताना अडीच वाजले होते. जीपमध्ये भाची गप्प होती. मला वाटलं, दमली. घरी आल्यावर तिने बादली, ॲप्रन, दोरी, सगळं जंतुनाशकाच्या पाण्यात घालून धुतलं. मी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ती परत गेली. महिन्याच्या शेवटी व्हॉट्सॲपवर निबंध आला. 'आत्या, वाच आणि खरं सांग.'

इंग्रजी उत्तम होतं. सुरुवात पत्र्यावरच्या पावसाने, आणि तिसऱ्याच वाक्यात, मराठीत सांगायचं तर, 'मी डोळे मिटले आणि हात आत घातला.' पुढे खूर, तळहात, कमान. गवतावर टेकलेला गालसुद्धा. करडू शिंकतं आणि निबंध वळतो. दुसरं करडू नव्हतंच.

दवाखान्यात एक म्हातारा कोंबडी घेऊन बसला होता. त्याला मी थांबायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रागापेक्षा वेगळंच काहीतरी वाटलं. सगळे तपशील बिनचूक होते. इतकं नेमकं बघणारी मुलगी त्या रात्री बॅटरी धरून काय करत होती? तर हे करत होती. बघत होती. आणि नेमकं तेच निबंधात नव्हतं.

रात्री फोन केला, तिकडे सकाळ.

"हात कोणाचा होता गं?"

बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाली, पहिल्या मसुद्यात तिने खरं लिहिलं होतं. पैसे घेऊन निबंध तपासून देणारी कोणी बाई होती, तिने शेरा मारला, यात तू काही करताना दिसत नाहीस. "मग मी..." आणि क्रियापद सापडेना. "आत्या, सगळे काहीतरी करतात. मी नुसती उभी होते."

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक व्यवहाराची. तुझे अर्ज वाचणाऱ्यांत आमच्यासारखे डॉक्टर असणार. पदवी नसलेल्या मुलीने परमुलखात जाऊन अडलेली बकरी सोडवली, हे वाचून त्यांना कौतुक वाटेल असं मला वाटत नाही. त्यांना वाटेल, हिला हे करू कोणी दिलं? देखरेखीच्या रकान्यात माझं नाव आहे. त्यांनी मला विचारलं तर मी काय सांगू? दुसरी गोष्ट सांगायला मला जरा जड गेलं. म्हटलं, ज्या मुलीचा हात होता तिच्याकडे तो लिहायला कुठलाच कागद नाही. तिचा कागद 720 मार्कांचा आहे, त्यावर बकरी नाही. तिच्याकडे जे आहे तेही तू घेतलंस.

ती रडली. मी फोन ठेवला नाही, समजूतही काढली नाही.

फोन झाल्यावर मी सहज म्हणून माझं उपचारांचं रजिस्टर काढलं. जुलैची ती तारीख. 'शेळी, कोकण कन्याळ, पहिले वेत. प्रसूती अडलेली. डाव्या पुढच्या पायाची स्थिती दुरुस्त करून सोडवली. 1 जिवंत, 1 मृत.' खाली माझी सही. सोडवली. कोणी, ते लिहिलेलं नाही. आमच्या रजिस्टरांत कर्ता नसतोच, तशी पद्धतच आहे, वगैरे स्वतःला सांगून बघितलं. शेवटी पेन घेऊन समासात लिहिलं, 'मालकाच्या मुलीने, माझ्या सूचनेनुसार.' अक्षर जरा वाकडं आलं, जागा कमी होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या गडबडीत, नवा निबंध आला. त्याची सुरुवात बॅटरीने होती. मला बॅटरी का दिली असेल याचा ती तेव्हा विचार करत होती, आणि तिला वाईट वाटलं होतं, असं लिहिलं होतं. मग दुसऱ्या मुलीचे मिटलेले डोळे. आणि बॅटरी तिच्यासाठी नव्हतीच, ती तर डोळे मिटून काम करत होती, हे लक्षात आल्यावर उजेड कुठे हवाय ते शोधायला लागणं. डॉक्टरच्या बोटांवर नको, बकरीच्या बरगड्यांवर हवा, म्हणजे कळ येताना दिसते. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या रात्री मध्येच उजेड बरगड्यांवर स्थिर झाला होता हे मला आता आठवलं; मी त्याच उजेडात बघून 'थांब' म्हणत होते. दुसऱ्या करडाबद्दल दोनच ओळी होत्या. शेवटी बादली धुतल्याचं होतं, आणि तासांच्या रकान्यात त्या रात्रीचे तीन तास कुठल्या खणात लिहायचे हे ती अजून ठरवू शकलेली नाही, असं.

मला निबंध आवडला. प्रवेशाचा शिक्का बसेल की नाही ते तिकडच्यांचं तिकडे. राज्याच्या कॉलेजात जागा राज्यातल्याच मुलांना जास्त, स्पर्धा भरपूर, आणि तिचे रसायनशास्त्रातले मार्क बेताचे आहेत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पत्र पाठवलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गणपती गेल्यावर वरच्या वाडीत बकऱ्यांच्या लसीकरणाला गेले. मुलगी फणसाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फिजिक्सचं पुस्तक, एका हातात मोबाइल. जुलैचं करडू तिच्या खुर्चीच्या पायाला अंग घासत होतं. तोंडावरचे पांढरे पट्टे आता ठळक झाले होते. ती उठली, बकऱ्या धरायला लागली. एकेक धरायची, मान काखेत, मी सुई मारली की सोडायची. तीस बकऱ्यांना अर्धा तासही लागला नाही. मग आम्ही पायरीवर बसलो आणि मी तिला मोबाइलवरून निबंध वाचून दाखवला, मधे मधे मराठी करत.

ती करडाच्या कानामागे खाजवत ऐकत होती. स्वतःचा भाग आला तेव्हा खाली बघितलं. संपल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही.

"बॅटरी सुरवातीक हलत होती," मग म्हणाली, "तां लिवल्यान काय?"

मी निबंधात पुन्हा वर जाऊन बघितलं. लिहिलं होतं.